आजी, यंदा मांडावर गेली नाहीस?

फेब्रुवारीतली सकाळ होती. गोव्यातल्या धारबांदोडा तालुक्यातल्या एका वाड्यावर सत्तरी ओलांडलेली एक आजी सोप्यावर बसली होती. गावडा समाजातली, हाताने कष्टाळू, बोलायला मोजकी. समोर मांडीवर नैराश्याच्या चाचणीचा छापील कागद घेतलेली तरुण समुपदेशक. तिच्यासोबत मी गेलो होतो.

पहिला प्रश्न होता: गेल्या दोन आठवड्यांत कामं करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? मुलीने तो जमेल तसा कोंकणीत विचारला. आजीला प्रश्नच विचित्र वाटला. ‘‘काम खुशयेक कोण करता गो बाये? करचें पडटा म्हूण करतां.’’ (काम खुशीसाठी कोण करतं? करावं लागतं म्हणून करते.) मुलीने शून्यावर खूण केली. पुढचे आठ प्रश्नही असेच गेले. बेरीज इतकी कमी आली, की कागदापुरती आजी ठणठणीत होती.

आम्ही उठत होतो. तेवढ्यात त्याच वाड्यावरची अंगणवाडी सेविका सहज म्हणाली, ‘‘आजये, औंदू धालांक कित्याक येवंक ना गो तूं?’’ यंदा धालोंना का नाही आलीस?

आजी गप्प झाली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘मन जालें ना.’’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘मन जालेंच ना.’’ त्यानंतर अर्धा तास ती बोलत होती. मुलाचं काम सुटलेलं, पेज घशाखाली उतरत नाही, मध्यरात्री जाग येते आणि उजाडेपर्यंत चुलीपाशी बसून राहते.

धालो म्हणजे पौषातल्या रात्री वाड्यावरच्या बायकांनी मांडावर एकत्र येऊन गायचं, नाचायचं. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेत हात, एक रांग पुढे येते तशी दुसरी मागे सरते. मांड ही पवित्र जागा. लग्न होऊन वाड्यावर आल्यापासून दरवर्षी मांडावर उभी राहिलेली बाई यंदा घरात बसली, हे वाड्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर ते टिपायला जागा नव्हती.

त्या कागदाला मी नावं ठेवणार नाही. नऊ प्रश्नांची ही ‘पीएचक्यू-९’ चाचणी 2001 साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. गुण 0 ते 27, आणि 10 किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. तिचा पहिलाच प्रश्न नैराश्याच्या गाभ्याला हात घालतो. पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमत नाही, हे या आजाराचं मुख्य लक्षण. सेविकेने विचारलं तेही नेमकं हेच. फरक एवढाच, की तिला आजीचा जीव कुठे रमतो ते माहीत होतं.

मनाचं दुखणं प्रत्येक समाजात ओळखीच्या वाटेने बाहेर येतं. गोव्यातच सुमारे अडीच हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला आणि 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अंगावरून पांढरं जातं, ही बायकांची नेहमीची तक्रार. डॉक्टर जंतुसंसर्ग समजून औषध देतात. या अभ्यासात त्या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या त्रासाशी जास्त घट्ट निघालं. ‘विकनेस’, ‘टेन्शन’, डोकं जड होणं, हातापायांना मुंग्या येणं ही सगळी त्याच दुःखाची बोली. ‘डिप्रेशन’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, आणि आरोग्य केंद्राच्या रांगेत तर नाहीच नाही.

2003 पासून गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज गोव्यात अनुसूचित जमाती म्हणून नोंदलेले आहेत. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या जवळपास दीड लाख, म्हणजे दहातला एक माणूस. मानसिक आरोग्याच्या बाबतीत गोवा तसा भाग्यवान. बांबोळीला मनोरुग्णांसाठी संस्था आहे. त्याशिवाय 1996 साली इथेच सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने जगाने दखल घ्यावी असं काम केलं आहे. त्यातला एक प्रयोग इथे थोडा उलगडून सांगायलाच हवा, कारण आजीच्या मांडाचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन केलं ते मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या साध्या माणसांनी. सहा ते आठ बैठका, बहुतेक घरी किंवा केंद्रावर. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे, पण थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं.

या पद्धतीमागचं तत्त्व सोपं आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. शेजारी जाणं, देवळात जाणं, परसातल्या झाडांना पाणी घालणं. या गोष्टींतून मिळणारा आनंद आणि आधार थांबला की मन आणखी खचतं, मग आणखी काही सुटतं. हे चक्र मन सुधारण्याची वाट न बघता कृतीच्या टोकाकडून उलटं फिरवायचं. आज फक्त अंगणात ये, उद्या विहिरीपर्यंत जा. लहान पावलं, ठरलेल्या वेळी. आता प्रश्न येतो तो कुठल्या कृतीचा. शहरातल्या पुस्तिकेत सकाळचा फेरफटका आणि छंद असतात. डोंगरातून सरपण आणणाऱ्या बाईला फेरफटका मारायला सांगणं म्हणजे तिची थट्टा. तिच्यासाठी ती कृती मांडावर जाऊन बसणं असेल, नाचली नाही तरी चालेल. हे ठरवायचं ते तिने आणि तिला ओळखणाऱ्यांनी.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. उपचार त्या त्या संस्कृतीला जुळवून घेतले तर ते मूळ रूपापेक्षा काहीसे अधिक लागू पडतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसलं आहे. 2011 च्या अशा एका विश्लेषणात आणखी बारीक गोष्ट हाती आली. भाषांतर, चित्रं, कपडे यांपेक्षा आजार का झाला याचं रुग्णाच्या मनातलं स्पष्टीकरण उपचारात सामावून घेणं जास्त महत्त्वाचं ठरलं.

इथे सुशिक्षित माणूस अडखळतो. रुग्ण म्हणतो, देवचार (गावाचा राखणदार) कोपला, कुणाची दिश्ट (दृष्ट) लागली, गाऱ्हाणं घालायचं राहून गेलं. त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकलं की तो पुढच्या वेळी येत नाही, एवढंच घडतं. धालोंच्या शेवटच्या दिवशी काही बायकांच्या अंगात रंभा येते. हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणाचं उत्तर स्वच्छ आहे. समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक प्रथेचा भाग म्हणून आलेली अवस्था विकार धरायची नाही. ती इच्छेविरुद्ध येत असेल, त्रास देत असेल, जगणं अडवत असेल तरच विकार.

पण आदर म्हणजे गप्प बसणं नव्हे, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. कुणाला आवाज ऐकू येत असतील, फिट येत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर औषध आणि डॉक्टर हवेच. त्यात गेलेला प्रत्येक महिना रुग्णाचं नुकसान करतो. 2001 मध्ये तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, ते विसरता येत नाही. गुजरातेत उंझाजवळच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा आणि दुवा’ असा उपक्रम चालला. मुजावरांनी दुवा द्यायची आणि रुग्णाला तिथल्याच डॉक्टरकडेही पाठवायचं. आपल्याकडचा घाडी, म्हणजे गावातला देवदेवस्की बघणारा, असा साथीदार होऊ शकतो. पहाटे तीन वाजता लोक त्याचंच दार ठोठावतात.

आणि जमीन. या विषयावर बोलताना ती बहुतेक वेळा बाहेर राहते. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव पाण्याखाली गेलं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की तिथून उठवलेले सगळ्या जातीधर्मांचे लोक परत जातात. भेगाळलेल्या चिखलात आपल्या घराचा जोता शोधतात, सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांचं असंच दुःख पाहिलं आणि त्याला ‘सोलास्टाल्जिया’ असं नाव दिलं. घर सोडलेलं नाही, पण भोवतालचं गावच ओळखू येईनासं झालं, त्याची तळमळ. आपल्या खाणपट्ट्यातल्या ज्या वाड्यांवर झरे आटले, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

कॅनडात मायकल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंद यांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे आदिवासी वसाहतींचा अभ्यास मांडला. तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण सगळीकडे सारखं नव्हतं. जमिनीवरच्या हक्काची लढाई, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन सेवा, संस्कृतीची स्वतःची जागा, या सहाही गोष्टी जिथे समाजाच्या हातात होत्या, तिथे अभ्यासाच्या पाच वर्षांत एकही तरुण आत्महत्या नोंदली गेली नव्हती. एकामुळेच दुसरं घडलं असं यावरून सिद्ध होत नाही. तरी मला हा आकडा कुठल्याही औषधाच्या आकड्याइतकाच गांभीर्याने घ्यावासा वाटतो.

मग मदत घडवायची कशी? मध्य ऑस्ट्रेलियात पीएचक्यू-९ चे प्रश्न आदिवासी समाजाबरोबर बसून त्यांच्या बोलीत नव्याने बांधले गेले. पुढे 500 आदिवासी रुग्णांच्या सविस्तर मुलाखतींशी ते ताडून पाहिले, आणि 2019 मध्ये ते विश्वासार्ह असल्याचं प्रसिद्ध झालं. दोन्ही टप्पे लागतात. नुसती आपुलकी पुरत नाही, नवा प्रश्न आजार खरंच पकडतो का हे मोजावं लागतं. आणि मोजलेल्या माहितीवर मालकी कुणाची, हेही आधी ठरवावं लागतं. कॅनडातल्या आदिवासींनी ती मालकी आपली, असा दंडक 1998 मध्येच घातला.

त्या दिवशी आम्ही निघालो नाही. समुपदेशक मुलीने कागद उलटा केला आणि सोप्यावर जमलेल्या बायकांना विचारलं, एखादीचं मन बरं नाही हे तुम्हाला कसं कळतं? आधी सगळ्या हसल्या. मग एकीने सांगितलं, तुळशीपुढचं अंगण सारवलेलं नसतं. दुसरी म्हणाली, हाक मारली तर ओ देते, पण दारात येत नाही. कुणी म्हणालं, डोक्यात फूल माळत नाही. मुलगी पेन्सिलीने भराभरा लिहून घेत होती. शेवटी आजी स्वतःच बोलली. तिला विचारा, म्हणाली, राती चुलीकडे बसतेस तेव्हा चूल पेटवलेली असते, की विझलेली?