डंप आणि लॉग: स्क्रीन एक, पण वाटा दोन

पीजी-डंपला (पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप, म्हणजे डंप, काढणारी कमांड) व्हर्बोज, म्हणजे काम सविस्तर सांगायचा, पर्याय दिला, पुढे > लावून फाइलचं नाव दिलं, तरी स्क्रीनवर ओळी सरकतच राहतात. पुष्कळांना वाटतं, रिडायरेक्शन, म्हणजे आउटपुट फाइलकडे वळवणं, लागलंच नाही. ते लागलेलं असतं. डेटा फाइलमध्ये चाललाय. स्क्रीनवर दिसतोय तो लॉग, म्हणजे कामाची नोंद.

प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात: १ क्रमांकाची स्टँडर्ड आउटपुट आणि २ क्रमांकाची स्टँडर्ड एरर. नावात एरर असली तरी दुसरीवरून सगळ्या चुकाच येतात असं नाही. ‘अमुक टेबल वाचतोय’ ही साधी प्रगतीची ओळही तिथूनच येते. नुसतं > फक्त पहिली वाट वळवतं. लॉग हवा असेल तर 2> लावून त्याला वेगळी फाइल द्यायची.

इथे घाई महागात पडते. ‘सगळंच एका फाइलमध्ये जाऊ दे’ म्हणून 2>&1 जोडलं, म्हणजे दुसरी वाट पहिलीलाच जोडली, की लॉग डंपमध्येच मिसळतो. मायएसक्यूएल-डंपला (मायएसक्यूएल डेटाबेसची तशीच कमांड) कमांडमध्येच पासवर्ड दिला तर ‘हे असुरक्षित ठरू शकतं’ असा इशारा येतो. तो मिसळला की डंपची पहिलीच ओळ एसक्यूएल राहत नाही आणि रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत भरणं, ओळ १ वरच १०६४ क्रमांकाची सिंटॅक्स एरर देऊन थांबतं. बॅकअप झाला म्हणून आपण निर्धास्त असतो आणि गरजेच्या वेळी फाइल उघडून ती ओळ हाताने काढावी लागते. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डंप आणि लॉग एकत्र करूच नका, असं मी आग्रहाने सांगेन.

लॉग बघायचाही आहे आणि साठवायचाही आहे, तर टी (tee) कमांड घ्या; ती आलेल्या ओळी स्क्रीनवर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. त्यात क्रम महत्त्वाचा, कारण शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) रिडायरेक्शन डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी > आणि मग 2>&1 लिहिलं तर दोन्ही वाटा फाइलमध्ये जातात. उलट लिहिलं, म्हणजे

2>&1 > डंपफाइल | टी लॉगफाइल

तर लॉग पाइपमधून (| ही खूण) टीकडे जातो, डेटा एकटा फाइलमध्ये. एरवी चूक ठरणारा हा क्रम इथे नेमका कामाचा आहे. फक्त पाइप आला की शेवटचा एक्झिट कोड (काम यशस्वी झालं का ते सांगणारा आकडा, ० म्हणजे यशस्वी) टीचा मिळतो, डंपचा नाही. बॅश शेलमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे डंप फसला तर ते कोडमध्ये दिसतं.

पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला क्वेरी द्यायचा प्रोग्राम, त्यातला \ओ (टाइप करताना इंग्रजी अक्षर) यातलाच प्रकार: क्वेरीचे निकाल फाइलमध्ये जातात, एरर स्क्रीनवरच राहतात.

रिस्टोअरच्या वेळी तर लॉग ठेवाच. पीएसक्यूएल फाइल चालवताना एखादं स्टेटमेंट फसलं तरी पुढे जातं आणि शेवटी एक्झिट कोड ० देतं. ऑन-एरर-स्टॉप ही सेटिंग लावली तरच ते चुकीशी थांबतं आणि ३ परत करतं.