परत येणारी पट्टी

विमान पडलं की ब्लॅक बॉक्स सापडायच्या आत टीव्हीवर निकाल लागतो: वैमानिकाची चूक. मग आठवते डलेसची गोष्ट.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे निघालं होतं. धावपट्टी अजून ४४ मैल दूर असतानाच हवाई वाहतूक नियंत्रकाने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे यायची, परवानगी दिली. नकाशा तर किमान उंची ३४०० फूट म्हणतोय, असं कप्तान कुरकुरल्याचं ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. पण परवानगी मिळाली म्हणजे खाली जायला हरकत नाही, असं कॉकपिटमध्ये ठरलं आणि विमान १८०० फुटांकडे उतरू लागलं. वाटेत डोंगर असता तर नियंत्रक बोलला असता, हा वैमानिकांचा हिशेब. उंची सांभाळणं वैमानिकाचं काम, हा नियंत्रकाचा. विमान वाटेतल्या माउंट वेदर डोंगराच्या उतारावर आदळलं. ९२ जण होते, कोणीच वाचलं नाही.

सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच, याच गैरसमजापायी थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी ते कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत मात्र काहीच पोहोचलं नाही.

पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने चुका कळवायची योजना काढली. पण परवाना काढून घेणाऱ्याकडेच कबुली द्यायला कोण जाईल? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे गेलं. नासाला कोणाला दंड करायचा अधिकारच नाही.

आता खरी गंमत. चूक कळवायच्या अर्जाच्या वरच्या पट्टीवर नाव आणि फोन नंबर असतो. काही विचारायचं असेल तर नासाचा विश्लेषक, जो बहुधा निवृत्त वैमानिक किंवा नियंत्रक असतो, फोन करतो. मग तारखेचा शिक्का मारून पट्टी पाठवणाऱ्याला परत जाते. उरलेल्या मजकुरातूनही ओळख पटेल असे तपशील काढतात. उद्या कोणी नाव मागितलं तरी द्यायला दप्तरात काही नसतं.

आणि ती पट्टी वैमानिकाच्या कामाची असते. १० दिवसांच्या आत कळवलं असेल आणि प्रशासनाला तीच चूक दुसरीकडून कळली, तर तो पट्टी दाखवतो. नियम मोडल्याची नोंद तरीही होते, फक्त दंड किंवा परवान्याचं निलंबन टळतं. तेही आधीच्या ५ वर्षांत दुसरा नियमभंग नसेल तर. मुद्दाम केलेली आगळीक, गुन्हा किंवा अपघात असेल, तर पट्टीचा उपयोग नाही.