कट्ट्यावरचं दूध आणि रक्तातली साय

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे माझे दोन मावसभाऊ. एकाच घरातलं जेवण, अंगकाठीही सारखी. रिपोर्ट आले तर थोरल्याचे ट्रायग्लिसराइड (म्हणजे रक्तातली चरबी) ३८०, धाकट्याचे ११०. उपाशीपोटी ते १५० च्या आत हवेत. थोरला म्हणाला, "लॅबवाल्यानं नळ्या बदलल्यात बघ!"

नळ्या बदलल्या नसाव्यात. दुधातली चरबी आतड्यातून बारीक थेंबांच्या रूपात रक्तात येते. ती फारच साचली, तर रक्ताचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) दुधाळ दिसतो आणि नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की वर चक्क साय धरते. हे थेंब फोडतं केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम. अपोसी-३ हे प्रथिन त्याला ब्रेक लावतं, अपोए-५ जोर देतं. गंमत म्हणजे या दोघांची जनुकं अकराव्या गुणसूत्रावर जवळजवळच नांदतात.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या लोकांना भरपूर चरबीचा मिल्कशेक पाजून रक्त तपासलं (आपल्या कट्ट्यावरचाच प्रयोग, फक्त सुया टोचून!). सुमारे पाच टक्के लोकांत अपोसी-३ च्या जनुकाची एक प्रत निकामी निघाली. ब्रेक सैल असल्यानं त्यांचे ट्रायग्लिसराइड उपाशीपोटीही कमी होते आणि शेकनंतरही फारसे चढले नाहीत. पुढं पाकिस्तानात दोन्ही प्रती निकामी असलेली माणसं सापडली. चरबी खाऊ घातली तरी त्यांचा आकडा जवळपास हललाच नाही.

उलट, लायपेजच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर आकडा हजारांत जातो आणि स्वादुपिंडाला सूज येते. हा आजार फार दुर्मिळ. बहुतेकांच्या बाबतीत मात्र अनेक जनुकांतले छोटे छोटे फरक साठत जातात. सख्ख्या भावांतही आईबापांच्या जनुकांची वाटणी वेगवेगळी होते, त्यामुळं एकाच्या वाट्याला असे फरक जास्त येऊ शकतात.

त्यात उपाशीपोटीच्या रिपोर्टमध्ये दिसते ती मुख्यतः यकृतानं बनवलेली चरबी. तिला कच्चा माल पुरवायला साखर, दारू आणि सुटलेलं पोट पुरेसं असतं. दुधावर उगाच सगळं खापर फुटतं.

थोरल्यानं कट्टा सोडलाय. चहात मात्र दोन चमचे साखर अजून तशीच आहे, आणि चहा दिवसातून सहा वेळा.