काँक्रीटचा लाडू आणि सायकल ट्रॅक

परवा मित्राने फोटो पाठवला, रस्त्याचं काम चालू, राखाडी भुरभुरीत माल पसरलाय आणि त्यावर रोलर फिरतोय. खाली लिहिलेलं, "बघ, पाणीसुद्धा घातलं नाही, सगळं खाल्लं!" खाल्लंही असेल, पण माल कोरडा दिसतो हा काही त्याचा पुरावा नाही.

सिमेंटच्या हायवेखाली ड्राय लीन काँक्रीटचा, म्हणजे कमी सिमेंट आणि कमी पाण्याच्या कोरडसर काँक्रीटचा थर असतो तो असाच रोलरने दाबतात. त्यातलं सिमेंट वाढवलं की तेच वरचा रस्ता म्हणून चालतं, नाव रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट. शॉर्टमध्ये आरसीसी, आणि इथेच घोळ होतो, कारण आपलं स्लॅबचं आरसीसी सळयांचं, यात सळई नाहीच. आपल्या घाटघरचं धरण याच पद्धतीचं, भारतातलं पहिलं.

आता पाण्याचं. काँक्रीट "वाळून" कडक होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते वाळत नाही, सिमेंट पाण्याशी रिअ‍ॅक्शन करून दगड बनतं. 50 किलोच्या पोत्याला त्यासाठी 20 लिटरच्या आसपास पाणी पुरतं. त्यावर जे ओततात ते फक्त माल पातळ होऊन सरकावा म्हणून, आणि हे जादा पाणी नंतर उडून जातं तेव्हा आत बारीक पोकळ्या सोडून जातं. मग पाण्याऐवजी रोलरचं वजन आणि व्हायब्रेशन वापरून खडी एकमेकीत बसवली तर? पण अगदीच कोरडं ठेवलं तर कण एकमेकांना घासून अडतात आणि मध्ये हवा राहते, आणि 5 टक्के हवा राहिली तर ताकद 30 टक्क्यांपर्यंत घसरते. म्हणजे मधलं एक नेमकं प्रमाण आहे, जिथे घनता सगळ्यात जास्त मिळते. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1933 मध्ये धरणाच्या मातीसाठी किती पाण्याला किती घनता याचा ग्राफ काढला, तोच इथे चालतो. रव्याचे लाडू वळणाऱ्याला हे ग्राफशिवाय कळतं: तूप कमी पडलं तर लाडू फुटतो, जास्त झालं तर बसतो. साइटवरही मूठभर माल दाबून बघतात, गोळा टिकला पाहिजे आणि तळहात चिकट व्हायला नको.

सायकल ट्रॅकला हे रोलरचं काँक्रीट का शोभतं? रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. ट्रकचा एक्सल 10 टन, सायकलच्या चाकावर 50 किलो, म्हणजे 200 पट फरक, चौथा घात 160 कोटी! सायकलने ट्रॅक झिजत नाही, तो खचतो खालच्या मातीने, पाण्याने, झाडांच्या मुळांनी. पेव्हर ब्लॉक अशा वेळी सुटे सुटे वरखाली होतात आणि मग माझं हँडल दर फुटाला थडथडतं. सलग जाड थर तसं करत नाही.

पृष्ठभाग थोडा खरखरीत राहतो, सायकलच्या स्पीडला चालतो. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, मात्र लगेच हवं, आत जादा पाणी नसल्याने उन्हात वरचा थर भुसभुशीत होतो, तिथे भूमिपूजनाला फोडलेल्या नारळाचं पाणी कामाला येत नाही, ओलं गोणपाटच लागतं.

खरी अडचण कडेची. आधार नसेल तर रोलरखाली कड बाहेर पसरते, नीट दबत नाही आणि पुढे ढासळते. हायवेला दोन कडांमध्ये भरपूर रस्ता असतो, दोन मीटरच्या ट्रॅकला जवळजवळ कडाच असतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंना कर्ब, म्हणजे कडेचे ठोकळे, बसवायचे, मग मधे माल.