नाशिकमध्ये मुलांचे ‘नेहमीचे डॉक्टर’ : पार्श्वभूमी

जुन्या नाशकात आजोबांचे डॉक्टर तेच नातवाचे, हे गृहीतच असे. सातपूर-अंबडला कारखाने आले, सिडकोत बाहेरगावची कुटुंबे राहायला आली, आणि बाळाला दाखवायचे कोणाला हा प्रश्न घरोघरी पडू लागला.

कुटुंबाचे नाव एखाद्या डॉक्टरकडे लावण्याची सोय कामगार विमा योजनेत होती. १९४८ च्या कायद्यातून ती आली; काही शहरांत कामगार पॅनेलवरचा डॉक्टर निवडत असे. सातपूरला योजनेचे रुग्णालय आहे. पण २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. पगार त्यापुढे गेला किंवा काम सुटून हप्ते थांबले, की कालांतराने मुलाचाही हक्क जातो.

मग उरतो गल्लीतला दवाखाना, आणि तिथे ‘डॉक्टर’ या शब्दाचाच गुंता आहे. वस्तीतला फॅमिली डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून होमिओपॅथांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. अभ्यासक्रम सुरू केला तो आपल्याच शहरातल्या, दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विद्यापीठाने. ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. २०२५ मध्ये हा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची वेगळी नोंदवही करण्याचा निर्णय झाला, थांबला, पुन्हा पुढे सरकला. सप्टेंबरमध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी त्याविरुद्ध काम बंद ठेवले. तान्ह्या बाळाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून प्रशिक्षणाबद्दलची काळजी रास्तच आहे. पण रात्री नऊला, दुसरी पाळी चालू असताना, तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन आई एकटी निघते तेव्हा उघडा असतो तोच दवाखाना. या सगळ्या वादात तिला कोणी काही विचारले नाही, हे मला फार खटकते.

सरकारी बाजूने २०१३ च्या शहरी आरोग्य अभियानाने साधारण ५०,००० लोकांमागे एक केंद्र असा निकष ठेवला. २०११ च्या जनगणनेतल्या जवळजवळ पंधरा लाखांच्या नाशिकला त्या हिशेबाने तीसेक केंद्रे लागतात. २०२३ मध्ये राज्यभर ‘आपला दवाखाना’ आला, रात्री दहापर्यंतच्या वेळेसह. कामगार वस्तीला ही वेळ खरोखर सोयीची. मात्र केंद्रावरचे डॉक्टर बहुधा कंत्राटी. मूल ओळखीचे होते न होते तोच ते बदलतात. बालदम्याच्या मुलाला तीन ठिकाणी वाफ दिली जाते आणि वर्षात किती झटके आले याची मोजदाद कुणाकडेच राहत नाही.

सलग नोंद सापडते ती माता-बाल संरक्षण कार्डावर, आणि ते भरतात सिस्टर. लसींच्या वेळा: सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, दीड वर्ष. त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत त्यावर जीवनसत्त्व ‘अ’ च्या तारखा तेवढ्या चढतात. बालवाडीतल्या सर्दी-खोकल्याची, तापाची ती वर्षे.