खिडकीबाहेर धावणारा सहप्रवासी

‘आरशाला नख टेकवा. नख आणि प्रतिमा यांच्यात फट दिसली तर आरसा खरा, फट नसेल तर पलीकडून कोणीतरी बघतंय’ हा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून नव्याने उगवतो. त्याचाच एक भाऊबंद रेल्वेच्या डब्यात ऐकू येतो: एसी डब्याच्या काचा एकतर्फी असतात, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एका दिशेने प्रकाश जाऊ द्यायचा आणि उलट दिशेने अडवायचा, असं करणारी खिडकीची काच कोणत्याही दुकानात मिळत नाही. तथाकथित ‘वन-वे’ काचेवर धातूचा पातळ थर असतो, एवढंच. तो दोन्ही दिशांना सारखाच वागतो. फरक पडतो तो दोन बाजूंच्या उजेडामुळे. पटत नसेल तर रात्री फलाटावर उभं राहून एसी डब्याकडे बघा. दिवसा काळ्याभोर दिसणाऱ्या त्याच खिडकीतून कोण घोरतंय आणि कोण डबा उघडून जेवतंय, ते सगळं दिसतं. आतल्या माणसाला मात्र त्या वेळी काचेत डब्यातलीच मंडळी दिसत असतात.

हा हिशोब आकड्यांत मांडू. साध्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश काचेत हवेपेक्षा किती पट मंदावतो तो आकडा) सुमारे १.५. प्रकाश हवेतून काचेत सरळ शिरताना किती परत फिरतो, ते काढायला शाळेतलं गणित पुरतं: १.५ मधून १ वजा केले की ०.५, त्याला १.५ अधिक १ म्हणजे २.५ ने भागलं की ०.२, त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे ४ टक्के. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून एका तावदानातून जवळपास ८ टक्के प्रकाश परततो. एसी डब्यांच्या बंद खिडक्यांना सहसा दुहेरी काच असते, मध्ये हवेची पोकळी. तिथे पृष्ठभाग चार, परतणारा प्रकाश सुमारे १४ टक्के. काच दिवसा आणि रात्री तेवढाच प्रकाश परतवते.

बदलतो तो आतल्या आणि बाहेरच्या उजेडाचा मुकाबला. डब्यात १५० लक्स (वस्तूवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड आहे असं धरू. चेहरा त्यातला साधारण चौथा हिस्सा परत टाकत असेल तर त्या हिश्शाला ३.१४ (पाय) ने भागून चेहऱ्याची दीप्ती, म्हणजे तो डोळ्याला किती उजळ दिसतो त्याचं माप, येते सुमारे १२ कँडेला दर चौरस मीटरला. तिचे १४ टक्के म्हणजे १.७. आता बाहेर बघा. भर दुपारी उन्हात एक लाख लक्स उजेड असतो. शेताने त्याचा पाचवा हिस्सा परत टाकला तरी दीप्ती सहा हजारांच्या वर जाते. सहा हजारांत १.७ ची भर पडलेली डोळ्याला कळत नाही, कारण त्याला निदान एखाद्या टक्क्याचा फरक लागतो. पौर्णिमेच्या चांदण्यात त्याच शेताची दीप्ती जेमतेम एक शतांश कँडेला. आता १.७ बाहेरच्या दृश्याच्या शंभरपटीहून जास्त झाले. शेत गेलं, चेहरा उरला.

हे संक्रमण बघायला सूर्यास्तापर्यंत थांबायची गरज नाही. कोकण रेल्वेने दिवसा जाताना रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा लागतो, लांबी साडेसहा किलोमीटर. ताशी ८० किलोमीटरने गेलं तरी त्यात जवळपास पाच मिनिटं जातात. बोगद्यात शिरताक्षणी खिडकी नुसती काळी वाटते. डोळे अजून बाहेरच्या उन्हाला सरावलेले असतात. काही सेकंदांनी त्या काळ्यातून चेहरे वर येऊ लागतात. मुंबईची मेट्रो ३ जवळजवळ पूर्ण भुयारी, त्यामुळे तिथे दुपारी बारालाही खिडकीबाहेर रात्रच असते. साध्या लोकलमध्ये आणि उघड्या खिडकीच्या स्लीपरमध्ये हा खेळ नाही. गजांमधून वारा येतो, प्रतिबिंब येत नाही.

इथवर सरळ आहे. पण सगळे सहप्रवासी काचेत सारखे का दिसत नाहीत? पॅसेजपलीकडच्या बर्थवरची व्यक्ती पुसट, आणि तुमच्यासमोर खिडकीशी बसलेली व्यक्ती जवळजवळ आरशात असावी इतकी ठसठशीत. उजेड दोघांवर सारखाच आहे. फरक कोनाचा आहे.

चार टक्के हा आकडा काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा. किरण तिरका होत गेला की परतावा वाढतो, पण गंमत म्हणजे आधी कितीतरी वेळ जवळजवळ वाढतच नाही. काचेला काढलेल्या लंबापासून कोन मोजला तर एका पृष्ठभागावरून ४५ अंशांना ५ टक्के, ६० ला ९, ७० ला १७ आणि ८० ला ३९ टक्के प्रकाश परततो. समोरासमोरच्या दोन खिडकीवाल्यांमध्ये दीड मीटर अंतर आणि दोघांचे चेहरे काचेपासून पाव मीटरवर, असं धरा. किरण काचेवर दोघांच्या मधोमध आदळतो, कोन होतो ७२ अंशांच्या आसपास, आणि दुहेरी काचेच्या चार पृष्ठभागांचा मिळून परतावा ४३ टक्क्यांपर्यंत जातो. पॅसेजपलीकडच्या माणसाच्या वाट्याला मात्र तेच १४ टक्के, कारण त्याचा किरण काचेवर बऱ्यापैकी सरळ येतो. थोडक्यात, खिडकीत सगळ्यात स्पष्ट दिसणारा अनोळखी माणूस तोच, ज्याच्याकडे मान न वळवताही बघता आलं असतं.

कोनाबरोबर परतावा असा वाकडातिकडा का वाढतो, हे समजायला काचेच्या आत शिरावं लागतं. प्रकाश ही लहर आहे आणि तिच्यातलं विद्युत क्षेत्र प्रवासाच्या दिशेला काटकोनात थरथरतं. ते काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतं. हललेला प्रत्येक इलेक्ट्रॉन इवल्याशा अँटेनासारखा स्वतः प्रकाश सोडतो. या साऱ्यांची बेरीज पुढच्या दिशेला ‘काचेतून मंदावून जाणारा किरण’ होते आणि मागच्या दिशेला ‘परावर्तित किरण’. आता अँटेनाचा एक नियम आहे: ती आपल्या लांबीच्या दिशेने काहीच सोडत नाही. गाडीची खिडकी उभी, तुम्ही दोघे एकाच उंचीवर, म्हणजे किरणाचा जाण्यायेण्याचा मार्ग आडव्या पातळीत. चेहऱ्यावरून निघणाऱ्या प्रकाशात उभं थरथरणं असतं आणि आडवंही. उभ्या थरथरण्याला या नियमाचा काही त्रास नाही. इलेक्ट्रॉन वर-खाली हलतो आणि आडव्या पातळीत सगळीकडे सारखाच प्रकाश फेकतो. आडव्या थरथरण्याचं तसं नाही. कोन बदलला की काचेतल्या इलेक्ट्रॉनाची हलण्याची दिशाही बदलते, आणि ५६ अंशांना ती नेमकी परावर्तित किरणाच्या रेषेत येते. तिथे आडव्या थरथरण्याचा परतावा शून्य, उभ्याचा १५ टक्के. म्हणजे तोपर्यंत एक घटक वाढत असतो आणि दुसरा घटत असतो. बेरीज जागची फारशी हलत नाही. ५६ अंशांनंतर दोन्ही वाढू लागतात आणि मग आलेख झपाट्याने वर चढतो.

या गोष्टीचा शोध खिडकीतच लागला, तोही योगायोगाने. १८०८ मध्ये पॅरिसला एतिएन-लुई मालुस घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होते. स्फटिक एकाच्या दोन प्रतिमा दाखवतो. तो फिरवला तसा त्यातल्या एकीचा उजेड घटला. काचेवरून आलेला प्रकाश ध्रुवीभूत (पोलराइज्ड), म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत थरथरणारा असतो, हे त्यातून कळलं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये त्या ५६ अंशांच्या कोनाचा नियम दिला (कोनाचं टॅन्जंट म्हणजेच अपवर्तनांक), आणि ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२३ मध्ये वरचे सगळे टक्के ज्यातून निघतात ती सूत्रं.

इथे गॉगल विकणाऱ्यांच्या एका दाव्याचा निकाल लागतो. ‘पोलराइज्ड गॉगल घाला, काचेवरची सगळी चमक गायब.’ रस्ता आणि पाणी आडवे असतात, त्यांच्यावरची चमक आडवी थरथरते. गॉगल तेवढीच अडवतो आणि उभी जाऊ देतो. गाडीची काच उभी आहे. तिच्यातलं प्रतिबिंब उभं थरथरतं, म्हणजे गॉगल प्रतिबिंबाला सुखाने आत सोडतो आणि बाहेरच्या दृश्याचा निम्म्याहून जास्त उजेड कापतो. काम बरोबर उलटं झालं. गॉगल काढून डोळ्यासमोर ९० अंशांत फिरवून धरा, मग बघा. दोघेही काचेपासून अर्ध्या मीटरवर आणि मध्ये दीड मीटर, तर कोन ५६ अंशांचा होतो. समोरचा चेहरा काचेतून जवळपास पुसला जातो. गॉगल सरळ केला की परत हजर.

चोरून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रकाशाचा मार्ग उलट-सुलट एकच असतो. तुम्हाला काचेत समोरच्याचे डोळे दिसत असतील तर त्यालाही तुमचे दिसू शकतात, आणि काचेचे टक्केही दोघांना तेच लागू. फरक पडतो फक्त कोणाच्या चेहऱ्यावर जास्त उजेड आहे याने. वाचायचा दिवा तुमच्या डोक्यावर चालू असेल आणि त्याचा बंद, तर तो तुम्हाला जास्त स्पष्ट बघतोय. मोबाइलची गोष्ट याहून गंभीर. पडद्याची दीप्ती ३०० कँडेला धरली तर चेहऱ्याच्या पंचवीसपट. मेट्रोत बाकं लांबीच्या बाजूने, पाठीमागे काळी काच. शेजाऱ्यापासून हाताने झाकलेला पडदा तुमच्या खांद्यावरून मागच्या काचेत पडतो आणि समोर उभा असलेला माणूस तो वाचू शकतो, अक्षरं उलटी असली तरी. यूपीआयचा पिन टाकताना हे आठवावं.

आता नखाकडे. दुहेरी काचेला बोट टेकवा आणि तिरकं बघा. एक प्रतिमा बोटाला चिकटलेली, बाकीच्या मागे सरकलेल्या. मोबाइलचा टॉर्च काचेजवळ धरला तर चार ठिपके सुटे मोजता येतात. ६ मिलिमीटरची काच, १२ ची पोकळी आणि पुन्हा ६ ची काच असेल, तर पहिल्या ठिपक्यापासून बाकीचे अनुक्रमे ८, ३२ आणि ४० मिलिमीटर मागे भासतात. म्हणून ते दोन-दोनच्या जोड्यांत दिसतात. एखाद्या ठिपक्याचा रंग वेगळा असेल तर त्या पृष्ठभागावर लेप किंवा फिल्म आहे. म्हणजे एकाच काचेत ‘फट आहे’ आणि ‘फट नाही’ दोन्ही. नखाची चाचणी फक्त एवढंच सांगते की चकाकणारा थर काचेच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या. पलीकडे कोण आहे याचा तिच्याशी संबंध नाही. शंका असेल तर खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च काचेला चिकटवून पलीकडे मारा.

‘धावत्या गाडीबाहेर तरंगणारी बाई’ छापाच्या व्हिडिओंचं रहस्यही याच चार पृष्ठभागांत. ती पारदर्शक असते, कडा दुहेरी असतात, आणि झाडं मागे पळत असताना ती गाडीच्या वेगाने सोबत येते. ज्या भुताचा वेग गाडीइतका, त्याच्याकडे बहुतेक तिकीट असतं. पेपर नावाच्या प्राध्यापकांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर तिरकी काच लावून हेच भूत पैसे घेऊन दाखवलं होतं.

प्रतिबिंब नको, बाहेरचं चांदणं हवं असेल तर काचेवर पडणारा आपल्या बाजूचा उजेड तोडायचा. वाचायचा दिवा बंद करा. रेल्वेने दिलेली पांढरी चादर अंगावरून काढा. डब्यातली सगळ्यात उजळ वस्तू तीच आणि ती थेट काचेत उमटते. गडद शाल डोक्यावरून घेऊन तिची कड काचेला टेकवली की पुरे. नुसते दोन तळवे लावले तर बोटांच्या फटींतून उजेड शिरतो. फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवू नका, काच थरथरते आणि फोटो हलतो. भिंगाभोवती काळा रुमाल गुंडाळून मऊ टेकण द्या. फोकस आपोआप ठेवला तर कॅमेरा काचेवरची धूळ पकडतो. तो हाताने अनंतावर न्या. आणि पावसाळ्यात काच दुधाळ दिसली तर आधी बाजू ओळखा. आतला वाफारा पुसता येतो. बाहेरचं दव थंड काचेवर दमट हवेमुळे जमतं, ते गाडी कोरड्या भागात गेली की जातं. दोन काचांच्या मध्ये ओल शिरली असेल तर कडेचं सील फुटलेलं आहे आणि पोकळीतला ओलावा शोषणारा पदार्थ संपलेला आहे. ती खिडकी पुसून साफ होत नाही, अख्खी बदलावी लागते.