रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टच्या अभ्यासक्रमामागचा इतिहास

बारावी सायन्सनंतर एमबीबीएसला नंबर लागला नाही की बरीच मुले पॅरामेडिकलच्या यादीकडे वळतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पॅरामेडिकल पदवीत रेडिओथेरपी, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार देणाऱ्या टेक्निशियनची एक शाखा असते. एक्स-रे काढण्यासारखेच काम असेल, फक्त मशीन मोठे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पदार्थविज्ञान, शरीररचना, किरणांचा पेशींवर होणारा परिणाम, किरणांच्या मात्रेची (डोसची) गणिते असे सगळे पुढ्यात येते. एवढे शिकूनही मशीन लगेच हाती मिळत नाही, आधी महिनोन्महिने सीनियरच्या शेजारी उभे राहावे लागते. या दुहेरी शिक्षणातला बराचसा भाग अपघातांनी भाग पाडून आणलेला आहे.

नोव्हेंबर 1895 मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेनला एक्स-रे सापडले आणि थोड्याच काळात या किरणांनी गाठी जाळायचे प्रयोग सुरू झाले. नळी नीट चालते आहे का, हे पाहायला लोक सरळ आपलाच हात तिच्यापुढे धरत. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली अशाच कामापायी 1904 मध्ये दगावला. अशा बळींचे स्मारक 1936 मध्ये हॅम्बुर्गला उभे राहिले. अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज लावा, दार बंद झाल्याची खात्री करा, हे पहिल्याच आठवड्यात का घोकून घेतात, याचे उत्तर तिथे कोरलेल्या नावांत आहे.

1920 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत या तंत्रज्ञांच्या संघटना स्थापन झाल्या. पण फोटो काढणारा आणि उपचार देणारा यांच्यात तेव्हा फारसा फरक केला जात नव्हता. अमेरिकेत रेडिएशन थेरपीची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आली ती थेट 1964 मध्ये.

माझ्या मते या पेशाचा खरा जन्म पॅरिसमध्ये झाला. क्लॉडियस रेगो आणि आंरी कुतार यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले की सगळी मात्रा एकदम देण्याऐवजी रोज थोडी थोडी, काही आठवडे दिली तर गाठ मरते आणि भोवतालची निरोगी पेशी सावरते. त्यामुळे डॉक्टरचा निर्णय एकदाच झाला, तरी त्याची अंमलबजावणी पंचवीस-तीस वेळा आणि दर वेळी तंतोतंत तशीच करणे आले. रुग्णाला रोज त्याच स्थितीत झोपवायचे, अंगावरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवायच्या, डोके-मान हलू न देणारा, त्याच्याच मापाचा मास्क बसवायचा. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासतात, मात्रेचा हिशेब पाहणाऱ्या फिजिसिस्टची भेट क्वचितच होते, पण ‘लाईट घ्यायला’, म्हणजे किरणांचा उपचार घ्यायला आलेला माणूस टेक्नॉलॉजिस्टला रोज भेटतो. वजन उतरून मास्क सैल झाला, कातडी लाल पडली, आजी आज नेहमीपेक्षा गप्प आहेत, हे सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात यायला हवे. असली नजर फळ्यावर शिकवून येत नाही.

मग वर्ग कशाला? गणितासाठी. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूने उपचार सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे भारतासारख्या देशांचा भार याच मशीनने वाहिला. कोबाल्टचा अर्धायुकाल (ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ) 5.27 वर्षे, म्हणजे स्रोताची ताकद महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरते आणि तेवढाच उपचाराचा वेळ वाढवावा लागतो. स्रोतापासूनचे अंतर बदलले की मात्रा त्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. गणित शाळकरीच, पण इंग्लंडमध्ये एक्झिटरला 1988 मध्ये नवा स्रोत बसवताना मोजणी चुकली आणि 207 रुग्णांना सुमारे 25 टक्के जास्त मात्रा गेली. इंग्लंडमधल्याच स्टोक-ऑन-ट्रेंटला नेमके उलटे झाले. संगणक अंतराचा हिशेब आधीच धरत होता, तरी जुन्या सवयीने तीच दुरुस्ती हाताने पुन्हा केली जाई. 1982 ते 1991 या काळात हजारावर रुग्णांना कमी मात्रा मिळाली, आणि कमी मात्रेने कातडी भाजत नसल्याने कुणाला संशयही आला नाही.

थेरॅक-25 या संगणकावर चालणाऱ्या उपचार मशीनचे प्रकरण तर शिकणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावे. 1985 ते 1987 दरम्यान या मशीनचे जादा मात्रेचे सहा अपघात नोंदले गेले. मार्च 1986 मध्ये टेक्सासच्या टायलर गावात ऑपरेटरने इलेक्ट्रॉनऐवजी चुकून एक्स-रेचे अक्षर दाबले आणि सरावाच्या हाताने झटकन दुरुस्त केले. त्या वेगामुळे सॉफ्टवेअरमधला दोष उघडा पडला. पडद्यावर उमटले ‘मालफंक्शन 54’. याचा अर्थ कुणी शिकवलेला नव्हता, आणि असले संदेश रोजचेच असल्याने उपचार पुढे चालू करण्याचे बटण दाबले गेले. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा आणि इंटरकॉम दोन्ही बंद होते. तीन आठवड्यांनी तिथेच दुसरा अपघात झाला. त्यानंतर त्या ऑपरेटरनेच फिजिसिस्टच्या जोडीने त्याच वेगाने टाइप करून तो दोष पुन्हा घडवून दाखवला. असे होणे शक्यच नाही, असे कंपनी तोवर सांगत आली होती. कन्सोलवर बसणाऱ्याला ‘थांबवा’ म्हणायचा अधिकार आणि तेवढे ज्ञान हवे, याला याहून सबळ पुरावा मला माहीत नाही. फ्रान्समध्ये एपिनालला 2004-05 मध्ये वीसहून अधिक रुग्णांना जास्त मात्रा गेली आणि त्यातल्या काहींचा मृत्यू ओढवला. तिथल्या सॉफ्टवेअरच्या सूचना फ्रेंचमध्ये नव्हत्या आणि प्रशिक्षण उरकून टाकलेले होते. इंग्रजी मॅन्युअलवर काम भागवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावे.

भारतात परळचे टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झाले आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. फिजिसिस्टची शिडी अशी लवकर उभी राहिली. टेक्नॉलॉजिस्टच्या वाट्याला मात्र बराच काळ जिथे मशीन तिथे शिक्षण एवढेच आले: कुठे सर्टिफिकेट, कुठे डिप्लोमा, मग बी.एस्सी. 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टच्या (किरणांची मात्रा मोजायचे एकक) वर मात्रा नको, हा हिशेब आणि उपचार केंद्रातल्या माणसांची किमान पात्रता या गोष्टी मंडळाच्या नियमांतून आल्या. पेशाला देशपातळीवर कायद्याची चौकट मिळायला 2021 उजाडले. त्या कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान 2000 तासांचे आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान 3600 तासांचे शिक्षण लागते.

तासांची अट कागदावर पुरी करणे फारसे अवघड नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काही गोष्टी सरळ विचाराव्यात. तुमचे स्वतःचे लिनॅक (किरण देणारे आजचे मुख्य मशीन) आहे का, की दुसऱ्या हॉस्पिटलशी करार आहे? मोल्ड रूममध्ये विद्यार्थी स्वतः मास्क बनवतात की नुसते पाहतात? रोज किती रुग्णांचा सेटअप त्यांच्यासमोर होतो, आणि त्यातल्या कितींना त्यांचा हात लागतो?